लोहाच्या अतिसंवाहकांचा इतिहास केवळ तापमानाचा नव्हे

१/ लोहाधारित अतिसंवाहकांची कथा बहुधा शर्यतीसारखी सांगितली जाते. २००८ साली टोकियोतील हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह-आर्सेनिकच्या संयुगात २६ केल्विनला अतिसंवाहकता दाखवली आणि त्याच वर्षी चिनी संशोधकांनी ती ५५ केल्विनपर्यंत नेली. आकडे खरे आहेत, इतिहास मात्र अर्धाच आहे.

२/ याच गटाने २००६ मध्ये लोह-फॉस्फरसच्या संयुगात सुमारे ४ केल्विनला अतिसंवाहकता शोधली होती. आकडा लहान, म्हणून तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. विक्रमांच्या बखरी अशाच लिहिल्या जातात.

३/ उरलेला अर्धा इतिहास एका चौरसाचा आहे. या स्फटिकांतील लोहअणूंची जाळी ९० अंशांत फिरवली तरी तशीच दिसते. थंड करत गेल्यास ही सममिती मोडते आणि चौरसाचा किंचित आयत होतो. दोन बाजूंतील फरक एका टक्क्याहूनही कमी.

४/ या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात. शब्द द्रवस्फटिकांच्या शास्त्रातून आला. मूळ ग्रीक अर्थ ‘धागा’.

५/ आक्षेप ठरलेला: जाळीच वाकडी झाली, तर इलेक्ट्रॉनही वाकडे वागणारच, त्यात नवल काय? ऐकायला तर्कशुद्ध वाटतो, पण प्रयोगापुढे टिकत नाही.

६/ थंड होताना स्फटिकात आडव्या-उभ्या आयतांचे तुकडे मिसळतात आणि फरक झाकला जातो. स्टॅनफर्डमधील इयन फिशर यांच्या गटाने स्फटिक एका बाजूने दाबून धरला, तुकडे एका दिशेला आणले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: बेरियमच्या संयुगात थोडे कोबाल्ट मिसळले असता एका दिशेचा विद्युत रोध दुसरीच्या जवळपास दुप्पट होतो. तोही आखूड बाजूने अधिक! इतक्याशा वाकडेपणातून एवढा फरक निघणे कठीण.

७/ निर्णायक घाव २०१२ चा. स्फटिक विजेने ताणल्या जाणाऱ्या पिझो तुकड्यावर चिकटवून ताण मोजूनमापून दिला गेला. संक्रमणाचे तापमान जवळ येऊ लागले तसा तेवढ्याच ताणाला रोधाचा प्रतिसाद वाढतच गेला. जाळी सूत्रधार असती, तर ताण ठरवून दिल्यावर हे घडायला नको होते. पुढाकार इलेक्ट्रॉनांचा होता.

८/ मात्र दुसऱ्या टोकाचे उत्साहीही चुकतात. नेमॅटिक अवस्था म्हणजेच अतिसंवाहकतेची जननी, असे ते छातीठोकपणे सांगतात. लोह-सेलेनाइडमध्ये सुमारे ९० केल्विनला सममिती मोडते, पण सामान्य दाबाखाली चुंबकीय रचना येतच नाही. अतिसंवाहकता येते ती ९ केल्विनच्या आसपास. सेलेनियमच्या जागी गंधक वाढवत नेले की नेमॅटिक अवस्था लोपते, तरी अतिसंवाहकतेचे तापमान उसळी घेत नाही.

९/ सममिती मोडण्यात इलेक्ट्रॉनांच्या स्पिनची चाल आधीची की कक्षकांची, हा वाद लोह-सेलेनाइडनेच पेटता ठेवला आहे. ५५ च्या आकड्यापाशी पुस्तक मिटणाऱ्याला तो दिसतही नाही.