विकणे आहे : पॅकार्ड, चार दरवाजांची

'पॅकार्ड, १९४१. चार दरवाजे, आठ सिलिंडर. नखशिखांत नव्यानं उभी केलेली. सदैव गॅरेजमध्ये. कदर करणाऱ्यालाच देणे आहे.'

जुन्या गाड्यांना वाहिलेल्या अमेरिकन मासिकांतून या धर्तीच्या जाहिराती वर्षानुवर्षं छापून येताहेत. शेवटचं वाक्य वाचून वाटावं, ही मोटारीची जाहिरात की लग्नाची? गिऱ्हाइकाची चौकशीही स्थळाची करावी तशीच होते. गाडी उन्हापावसात तर ठेवणार नाही ना? रंग बदलणार नाही ना? सुटे भाग काढून विकणार नाही ना?

पैसे मोजून घेणाऱ्याला एवढे प्रश्न कशासाठी? कारण बहुतेक वेळा गिऱ्हाइकानं मोजलेल्या पैशांहून किती तरी अधिक विकणाऱ्यानं त्या गाडीत आधीच ओतलेले असतात.

पॅकार्डचा जन्मच मुळी एका नाराज गिऱ्हाइकाच्या हट्टातून झाला. ओहायो राज्यातल्या वॉरन गावच्या जेम्स वॉर्ड पॅकार्ड यांनी १८९८ मध्ये विंटन कंपनीची मोटार घेतली. ती सारखी बिघडू लागली. तक्रार घेऊन ते थेट अलेक्झांडर विंटन यांच्याकडे गेले, तेव्हा 'एवढं कळतं तर स्वतःच बनवा की!' असं उत्तर मिळालं, असा किस्सा सांगतात. पॅकार्डनी ते मनावर घेतलं. १८९९ मध्ये पहिली पॅकार्ड रस्त्यावर आली. १९०३ मध्ये कारखाना डेट्रॉइटला हलला आणि पुढची तीन-चार दशकं दारात पॅकार्ड असणं ही अमेरिकेत श्रीमंतीची खूण ठरली. बैलाच्या जूसारखं वळण असलेली तिची समोरची जाळी लांबूनही ओळखू यायची.

थाटही तसाच. कारखान्यातून वातानुकूलन यंत्र बसवून मिळणारी पहिली मोटार पॅकार्डचीच, १९४० च्या मॉडेलची! हे यंत्र डिकीतली बरीच जागा खायचं. गारवा नको असेल तर बटण दाबून भागत नसे. इंजिन थांबवायचं, उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि हातानं पट्टा काढायचा!

हे वैभव टिकलं नाही. मंदीच्या तडाख्यातून तरण्यासाठी १९३५ मध्ये कंपनीनं हजार डॉलर्सच्या आतली 'वन ट्वेंटी' काढली. कंपनी वाचली, पण मूठभरांची मिरास म्हणून असलेला रुबाब ओसरू लागला. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यानं विमानांसाठी रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिनं पन्नास हजारांहून अधिक बनवली. मोटारींचे जुने दिवस मात्र परतले नाहीत. १९५४ मध्ये स्टुडबेकरशी संसार थाटला, १९५६ मध्ये डेट्रॉइटमधलं उत्पादन थांबलं आणि १९५८ नंतर पॅकार्ड हे नावच मोटारीवरून पुसलं गेलं.

म्हणजे ज्या गाडीचा बनवणारा साठ वर्षांहून अधिक काळ बाजारात नाही, ती पुन्हा उभी करायची! मग सुटे भाग आणायचे कुठून? दुसऱ्या मोडक्या पॅकार्डमधून काढायचे, हौशी मंडळींच्या बाजारात धुंडाळायचे, नाही तर हातानं घडवून घ्यायचे. इंजिन सुटं होतं. पत्रा उघडा करून गंज कापून काढावा लागतो. जस्ताच्या ओतीव भागांवर फोड आलेले असतात. ते भरून, घासून त्यावर तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोमियमचा मुलामा चढतो. आसनांचं लोकरी कापड जुन्या पोताबरहुकूम शोधावं लागतं. गाडीपेक्षा मजुरी भारी. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

या म्हणीचा सगळ्यात झगझगीत दाखला म्हणजे कॅलिफोर्नियाचे जे. बी. नेदरकट. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातले हे गृहस्थ. १९५६ मध्ये त्यांनी १९३० ची एक ड्यूपाँट गाडी फक्त ५०० डॉलर्सना घेतली. दोन-चार आठवड्यांची डागडुजी, एवढाच अंदाज होता. लागले अठरा महिने आणि ६५ हजार डॉलर्स! १९५८ मध्ये पेबल बीचच्या मानाच्या प्रदर्शनात तिला सर्वोत्कृष्ट गाडीचा किताब मिळाला, तेव्हा कुठे घामाचं चीज झालं. पुढे त्यांच्याच संग्रहातल्या एका ड्यूसेनबर्ग सेडाननं १९८० मध्ये तो किताब पुन्हा आणला. ऐन मंदीत, १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, या सेडानची किंमत २० हजार डॉलर्स होती.

पण असं भाग्य किती सेडानच्या कपाळी? हौशी बाजाराचा न्याय उलटा आहे. टप दुमडणाऱ्या दोन दरवाजांच्या ऐटबाज गाडीला भरमसाट भाव, आणि जिनं आईबाप, पोरंबाळं, आजी आणि सामानसुमान अशी सगळी वरात वाहिली, त्या चार दरवाजांच्या घरगुती गाडीला त्याच्या कितीतरी कमी. वास्तविक खर्च दोघींचा सारखाच. उलट सेडानला दरवाजे दोन जास्त, काचा जास्त, आतलं कापडही जास्त! म्हणून सेडान उभी करणारा क्वचितच मुद्दल परत पाहतो.

घेणाऱ्याला मात्र ही पर्वणी. दुसऱ्यानं घाम गाळून केलेलं काम निम्म्या-पाव खर्चात पदरात पडतं. फक्त डोळे उघडे हवेत. चकाकी ही पुराव्याची जागा घेत नाही. काम केव्हा झालं, कोणी केलं, गंज काढतानाचे फोटो आहेत का, हे विचारावं. पत्र्यावर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे, असं समजावं. पॅकार्डच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. इंजिनामागच्या पत्र्यावर तिची पाटी असते आणि त्यावर गाडीच्या क्रमांकाबरोबर ती कोणत्या विक्रेत्यानं, कोणत्या तारखेला दिली तेही कोरलेलं असतं. जणू जन्माचा दाखलाच! तो कागदपत्रांशी जुळतो का, ते पाहावं.

आणि गाडी मुळातच धडधाकट, अस्सल असेल, तर तिला हात लावण्याचा मोह आवरावा. जुनं रंगकाम, झिजलेली आसनं यांनाही आता मान आहे. २०२४ मध्ये पेबल बीचचा सर्वोच्च किताब जीर्णोद्धार न केलेल्या १९३४ च्या बुगाटीला मिळाला, तो उगाच नव्हे. गाडी नवी कितीदाही करता येते, अस्सल ती एकदाच असते.

आता त्या जाहिरातीतलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. विकणाऱ्याचं वय झालेलं असतं, मुलं दूर शहरात, त्यांना गॅरेजची जागा हवी असते. पैशांचा हिशेब त्यानं केव्हाच सोडून दिलेला असतो. उरते ती एकच काळजी, आपल्यामागे हिला कोण पुसणार? म्हणून घेणाऱ्यानं भावाची घासाघीस जरूर करावी, पण त्याआधी तासभर त्या माणसाजवळ बसावं. गाडीची खोड, तिचा आवाज, थंडीत ती कशी सुरू होते, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पॅकार्ड कंपनीचं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं घोषवाक्य तरी दुसरं काय सांगत होतं? ज्याच्याकडे आहे, त्यालाच विचारा!