श्वास मोजून घ्या, बॉस!

४५ सेकंदांत काय काय होतं? भाईंदर स्टेशनच्या पुलावरून धावत उतरून सुटणारी लोकल पकडता येते. बॉसचा मेल उघडून, वाचून, न वाचल्यासारखा बंद करता येतो. मायक्रोवेव्हमध्ये कालची भाजी अर्धवट गरम होते. पण समजा, हे ४५ सेकंद तुमच्याकडे असलेला एकूण श्वास असेल तर? तेवढ्यात पाण्याखाली जायचं, हवं ते शोधायचं, उचलायचं आणि परत वर यायचं. जमेल?

‘सबनॉटिका’ नावाचा गेम पहिल्याच मिनिटाला हा प्रश्न विचारतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या अननोन वर्ल्ड्स या कंपनीनं तो डिसेंबर २०१४ पासून अर्धामुर्धा खेळायला दिला होता आणि २३ जानेवारी २०१८ ला पूर्ण गेम बाजारात आला. स्टोरी सिंपल आहे. तुमचं अवकाशयान एका परग्रहावर कोसळलंय. तो ग्रह म्हणजे जिकडे बघाल तिकडे पाणीच पाणी. तुम्ही एका छोट्याशा पॉडमध्ये तरंगताय. जगायचं असेल तर बुडी मारावीच लागणार, कारण धातू, अन्न, काच बनवायला लागणारी खनिजं असं सगळं खालीच आहे. आणि तुमच्याजवळ काय? अगदी थोडंसं सामान आणि ४५ सेकंदांचा श्वास.

मुद्दाम सांगते, या गेममध्ये ढिश्क्यांव ढिश्क्यांव करायला बंदूकच नाहीये. तुमचा खरा शत्रू स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटा मोजत बसलेला तो आकडा आहे. ज्यांनी लहानपणी ‘सॉनिक’ खेळलंय, त्यांना पाण्याखाली अडकल्यावर वाजणारं ते छातीत धडकी भरवणारं म्युझिक आठवत असेल. १९९१ सालचा गेम, पण आजही ते ऐकलं की मी आपोआप श्वास रोखून धरते. म्हणजे आयडिया जुनीच आहे. सबनॉटिकानं फक्त तिच्यावर अख्खा संसार उभा केलाय.

टाकीचं गणित

आता थोडं कामाचं बोलू. नवीन खेळाडू सगळ्यात आधी चकाकणाऱ्या गोष्टींच्या मागे लागतो. तसं करू नका. पहिलं काम म्हणजे साधी ऑक्सिजन टाकी. थोडं टायटॅनियम गोळा केलं की पॉडमधल्या मशीनवर ती तयार होते आणि ३० सेकंद वाढतात. ४५ चे ७५ झाले! ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्यांदा ७५ दिसतात तेव्हा पहिला पगार झाल्यासारखं वाटतं. त्याच्या पुढची मोठी टाकी तुम्हाला १३५ सेकंदांवर नेते आणि सगळ्यात मोठी २२५ सेकंदांवर. म्हणजे पावणेचार मिनिटं. राजा माणूस!

पण फुकट काही मिळत नाही. टाकी पाठीवर घेतली की पोहायचा वेग मंदावतो. म्हणून टाकीच्या जोडीला पायातले पंख लागतात, मग हातात धरून सुसाट जाण्याचं सीग्लाइड लागतं. श्वास वाढवणं आणि वेग वाढवणं हे दोन वेगळे उपाय असले तरी दोन्हींचा परिणाम एकच: एका श्वासात जास्त अंतर. अनेकजण फक्त टाकीच मोठी करत बसतात आणि कासवासारखे पोहतात. ऑफिसमध्येही असे लोक असतात. रोज दोन तास जास्त बसतात, पण एक्सेलचे चार शॉर्टकट शिकणार नाहीत.

मग येतो रीब्रीदर, म्हणजे तोंडावरचा मास्क. गेममध्ये १०० मीटरच्या खाली गेलात की ऑक्सिजन भराभर संपायला लागतो. मास्क घातला की ही जादा गळती थांबते. शिवाय पाण्यावर तरंगणारा एक पंप आणि त्याला जोडायचे पाईप असतात. ते एकमेकांना जोडत खाली न्यायचे आणि टोकाशी येणारी हवा घ्यायची. बहुतेक लोक हे पाईप करत नाहीत, कारण दिसायला अगदीच गबाळे. मला मात्र आवडतात. सीमॉथ ही छोटी पाणबुडी मिळाली की चित्रच बदलतं. आत बसलात की श्वासाची चिंता नाही. पण तीही २०० मीटरच्या खाली गेली की पाण्याच्या दाबानं चेपायला लागते. तिला अपग्रेड करा, मग ३००, मग ५००, मग ९०० मीटर. पाण्याखाली घर बांधलंत, तरी तिथल्या हवेला वीज लागते. वीज गेली की घराचा डबा झाला!

पॅटर्न लक्षात आला का? प्रत्येक अपग्रेड तुम्हाला निवांत करत नाही, ते तुम्हाला आणखी खोल नेतं. ४५ सेकंद असताना मी पॉडच्या आसपास बागडत होते. २२५ सेकंद झाल्यावर मी अशा काळ्याकुट्ट गुहेत होते, जिथून वर यायचा रस्ता मला दोनशे सेकंदांवर होता. धाकधूक तेवढीच. फक्त अंधार वाढला.

आता हेच जरा पगाराला लावून बघा. वीस हजारांत मीरा रोडला तिघींनी शेअर केलेल्या फ्लॅटमध्ये महिन्याच्या २५ तारखेला जी धाकधूक होती, ती पन्नास हजारांत, ईएमआय भरून, त्याच २५ तारखेला असते. कारण टाकी वाढली तशी आपण खोलीही वाढवली. माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं तर विचारूच नका. लेख आज छापून येतो, पैसे तीन महिन्यांनी येतात. दोन चेकच्या मधलं सगळं आयुष्य म्हणजे श्वास रोखून पोहणंच.

खऱ्या पाण्यात काय होतं?

गेम खेळता खेळता मला खऱ्या डायव्हिंगचं वाचायचा नाद लागला. पहिलाच धक्का: डायव्हरच्या पाठीवरच्या टाकीत सहसा ऑक्सिजन नसतोच! आपण मीरा रोडला घेतो (आणि खोकतो) तीच साधी हवा दाबून भरलेली असते. ऑक्सिजन त्यात साधारण २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजन घेऊन साधारण सहा मीटरच्या खाली गेलात तर तोच विषासारखा काम करतो, झटके येऊ शकतात. म्हणजे ज्याच्यावर जगतो, तेच जास्त दाबानं घेतलं की घातक. यावर एचआरवाल्यांनी विचार करावा.

दुसरा धक्का खोलीचा. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, तीस मीटरवर चौपट. तिथे प्रत्येक श्वासात तेवढीच जास्त हवा फुफ्फुसात जाते. सरळ हिशोब करा. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबानं हवा भरली तर साधारण २४०० लिटर हवा होते. माणूस पाण्यावर मिनिटाला समजा २० लिटर घेत असेल, तर ती दोन तास पुरेल. दहा मीटरवर एक तास. तीस मीटरवर अर्धा तास. आणि हेही टाकी तळापर्यंत रिकामी केली तर. शहाणा डायव्हर तसं करत नाही. ५० बार शिल्लक असतानाच तो वर आलेला असतो. वर येतानाही घाई चालत नाही. सावकाश यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे न होता निघून जातो. त्या थांबण्याचा श्वासही आधीच राखून ठेवायचा असतो.

गुहांमध्ये उतरणारे तर याहून कडक. त्यांचा तिघांचा नियम असतो. एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेली एक तृतीयांश फक्त संकटासाठी. तुमची स्वतःची टाकी फुटली, किंवा जोडीदाराची हवा संपली, तर दोघांनी त्यावर बाहेर यायचं. तो शेवटचा भाग वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

हे सगळं अनुभवायला परदेशी जायला नको. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मालवणला आणि तारकर्लीला स्कूबा होतं, एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्थाही तारकर्लीला आहे. पहिल्या वेळी प्रशिक्षक तुमचा हात धरून नेतो, टाकीचं तोच बघतो. तुम्ही फक्त मासे बघायचे आणि श्वास घेत राहायचं. स्कूबाचा पहिला नियम तोच: श्वास कधीही रोखायचा नाही.

वहीतलं गणित

ऑक्सिजनचा हिशोब म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना गेमही आठवणार नाही आणि मालवणही. आठवेल तो एप्रिल २०२१. दुसऱ्या लाटेत बेड मिळत नव्हते, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यानं बाबांना घरीच ऑक्सिजन लावला होता. पंधराशे लिटरचा सिलिंडर, बाबांच्या पलंगाशेजारी. मी तेव्हा नुकती शिकून बाहेर पडले होते. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत फ्लोमीटर कसा वाचायचा हे शिकवत नाहीत. ते मला खालच्या मजल्यावरच्या एका काकूंनी दाखवलं, त्या आठवडाभर आधी शिकल्या होत्या.

मिनिटाला दोन लिटर म्हणजे साडेबारा तास. मी वहीत लिहून ठेवलं. रात्री डॉक्टरांनी फोनवर चार लिटर करायला सांगितलं. साडेबाराचे सव्वासहा झाले. सिलिंडर तोच, माणूस तोच, फक्त खोली वाढली होती. आईला मी तासांचा आकडा सांगितला नाही. तिला एवढंच सांगितलं की पुढचा सिलिंडर पहाटे चारच्या आत लागेल. सोसायटीतल्या पोरांनी तो अडीचला आणून दारात ठेवला. तिसऱ्या दिवशी बाबांना बेड मिळाला. बाबा आता ठणठणीत आहेत आणि मी गेम खेळताना मागे उभं राहून ‘किती वेळ तो मासा बघत बसलीयेस’ असं ओरडतात.

हे सांगायचं कारण रडारड नाही. त्या तीन दिवसांत मला एक गोष्ट कळली, ती कुठल्याच गेममध्ये नव्हती. आपण पुढचा सिलिंडर कधी मागवला? पहिला संपल्यावर नाही, अर्ध्यावर आल्यावरही नाही. पहिला लावला त्याच क्षणी. आणि तो कुणी आणला? ज्यांची आमच्याशी जिन्यातल्या ‘काय, कसं काय’पलीकडे ओळख नव्हती त्यांनी. तिघांच्या नियमातला तो तिसरा भाग कधीकधी आपल्या टाकीत नसतोच. तो शेजारच्या घरात असतो.

तर मग, फंडे क्लिअर?

नवीन खेळणाऱ्यांसाठी, आणि न खेळणाऱ्यांसाठीही, माझे चार फंडे:

एक, अर्ध्यावर नाही, त्याआधी वळा. जाताना लागला त्यापेक्षा येताना वेळ जास्तच लागतो. सामान वाढलेलं असतं, रस्ता चुकतो आणि माणूस घाबरलेला असतो.

दोन, अपग्रेड मिळाल्यावर पहिले दोन-तीन फेरे जुन्याच खोलीत मारा. इन्क्रिमेंट झालं तर सहा महिने जुन्याच पगारात जगून बघा. वाढलेला श्वास खर्च न करता नुसता जवळ असणं ही काय चैन असते, ते तेव्हा कळतं.

तीन, धोक्याच्या घंटेवर विसंबू नका. सबनॉटिकात ऑक्सिजन कमी झाला की आवाज येतो. पण त्यात ‘हार्डकोअर’ नावाचा प्रकार आहे. त्यात जीव एकच आणि ती घंटाही वाजत नाही. खऱ्या शरीराचंही तसंच आहे. श्वास रोखल्यावर जी घुसमट होते, ती ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही, तर कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. म्हणून बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊन तो कमी केला तर घुसमट जाणवतच नाही आणि माणूस पाण्याखाली एकदम बेशुद्ध पडतो. तेव्हा क्लबच्या स्विमिंग पूलमध्ये एकट्यानं ‘कोण जास्त वेळ’ची पैज लावू नका. प्लीज.

चार, हावरटपणा महागात पडतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘डेव्ह द डायव्हर’ या कोरियन गेममध्ये दिवसा मासे पकडायचे आणि रात्री सुशीच्या हॉटेलात विकायचे. मोठी टाकी घ्यायची ती त्याच कमाईतून. त्यात ऑक्सिजन हाच तुमचा जीव. माशानं चावलं तरी तोच कमी होतो. श्वास संपला तर दिवसभराच्या कमाईतली फक्त एक वस्तू वर नेता येते. तो एक मासा निवडताना जे तोंड होतं ना, ते अप्रेझलच्या दिवशी आमच्या मित्रमंडळींचं बघितलंय.

खरं तर आपल्याकडच्या माणसाला हा गेम जड जायला नको. ज्यानं मीरा-भाईंदरमध्ये पाण्याच्या वेळेचा अलार्म लावून बालपण काढलंय, पिंप आधी की बादली आधी याचा निर्णय झोपेत घेतलाय, त्याला साठा म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही. आई कधी पिंप रिकामं होऊ द्यायची का? तळाला चार तांबे कायम असायचे. पाहुणे आले तरी, नळ आला नाही तरी.

या वीकेंडला खेळून बघा. आणि ७५ सेकंद दिसले की लगेच खोल जाऊ नका. थोडा वेळ वरच तरंगा. मस्त वाटतं.