शाळेचा हंडा आणि गावचे शेत

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराची आठ आयतने सांगितली आहेत. त्यांतील राशी, संयोग, काल यांची चर्चा आपण रुग्णांशी नित्य करतो. ‘देश’ मात्र, म्हणजे द्रव्य कोठे उपजते आणि त्या भूमीतील माणसास काय सात्म्य आहे हा विचार, शाळकरी मुलांच्या बाबतीत आपल्याकडून दुर्लक्षिला गेला, असे आम्हांस वाटते.

१९९५ साली सुरू झालेल्या शालेय पोषण आहार योजनेत, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर, मुलांना शिजवलेले अन्न मिळू लागले. प्राथमिक वर्गातील बालकास प्रतिदिनी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. राशी ठरली, देश राहिला.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचेच पाहा. तेथील काळ्या जमिनीत रब्बीत, मुख्यतः मुरलेल्या ओलीवर पिकणाऱ्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. घरी भाकरीवर वाढणारे मूल शाळेत मात्र प्रामुख्याने गोदामातून आलेला तांदूळ खाते, आणि त्याच्या वडिलांची ज्वारी बाजारभावाची वाट पाहत पडून राहते.

गावचे ते सारेच निर्दोष, असा आमचा आग्रह नाही. ज्वारी, म्हणजे यावनाल, रूक्ष आहे. तिला स्नेहाची व डाळीची जोड हवीच. दोनशे मुलांच्या भाकऱ्या थापण्याचे ओझे स्वयंपाक करणाऱ्या भगिनींवर टाकणेही अन्यायाचे होईल. परंतु ज्वारीच्या कण्या हंड्यात भाताप्रमाणेच शिजतात. कण्या, तुरीचे वरण आणि गावच्या मळ्यातील ताजी भाजी असा बेत आठवड्यातून दोन दिवस अशक्य नाही. त्यासाठी शेतकऱ्यास पेरणीपूर्वी खरेदीची हमी आणि वेळेवर पैसे मात्र मिळावयास हवेत. ते न झाल्यास ही योजना कागदावरच राहील.

येथे आपला दोषही मान्य केला पाहिजे. कृश बालकासाठी बलवर्धक अवलेह आपण तत्परतेने लिहून देतो. दुपारी शाळेत ते काय जेवते, हे क्वचितच विचारतो. प्रत्येक वैद्याने आपल्या गावातील एका शाळेच्या व्यवस्थापन समितीस भेटून ऋतुनुसार आहाराचे एक पत्रक करून द्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन. त्याचा आरंभ शाळेच्या हंड्यापासून व्हावा.