चातुर्मासात चिखलदरा कशाला?



श्रावण लागला की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एकच धोशा: चला चिखलदऱ्याला! अमरावतीच्या निघतात, अकोल्याच्या निघतात. विदर्भात थंड हवेचं ठिकाण एकच, उंची हजार मीटरच्या वर, भीमकुंड, गाविलगड, धुकं. मोह होणारच. पण नेमकं आत्ताच?

पावसात पावलोपावली जीव उपजतात म्हणून आपले मुनी आषाढापासून कार्तिकापर्यंत विहार थांबवतात. ते अनवाणी, खाली बघत, जपून चालणारे, तरी थांबतात. आणि त्यांच्यापुढे श्रीफळ चढवून आलेल्या आपण, रविवारी चार-चार गाड्या काढून मेळघाटात शिरतो! १९७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या घाटात ओल्या रस्त्यावर बेडूक, गोगलगायी, किडे किती येतात, हे चाकाखाली कोण बघतं?

हॉटेलात गेल्यावर मात्र आपला पहिला प्रश्न, "भाजीत कांदा-लसूण नाही ना?" ताटातली अहिंसा आपण डोळ्यांत तेल घालून जपतो, रस्त्यावरची गाडीतच विसरतो. पॉइंटवर वेफर्सची पाकिटं उडतात. वानरांना बिस्किटं घालतो आणि त्याला जीवदया म्हणतो. ही कसली दया? पाला-फळं खाणारा तो जीव. आपल्या बिस्किटापायी तो रस्त्यावर येऊन बसतो आणि एखाद्या गाडीखाली जातो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडव्रत आहे. गरज नसताना होणारी हिंसा टाळा, एवढाच त्याचा अर्थ. पोटासाठी, संसारासाठी होते ती हिंसा वेगळी. रीलसाठी होते तिला काय नाव द्यायचं?

कोणी म्हणेल, "मुलांनी हिरवळ बघूच नये का?" बघावी की! कार्तिक पौर्णिमा झाली की जावं. थंडीतही चिखलदरा सुंदरच असतो, कॉफीची झाडं तेव्हाही तिथेच असतात. घरचा डबा न्यावा, गाळलेलं पाणी न्यावं, कचरा पिशवीत घालून परत आणावा. उजेडीच घाट उतरावा. अंधारात तो रस्ता अस्वला-बिबट्याचा, आपला नाही. शिवाय सूर्यास्ताआधीचं जेवणही सांभाळलं जातं.

आणि एक सांगते. परतवाड्यावरून एक वाट चिखलदऱ्याला जाते, दुसरी मुक्तागिरीला. साडेतीन कोटी मुनी जिथून मोक्षाला गेले असं आपण मानतो, ते सिद्धक्षेत्र. तीही सातपुड्याचीच कूस, तिथेही धबधबा आणि डोंगरभर बावन्न मंदिरं. तिथे मात्र "पायऱ्या फार आहेत गं" म्हणून गाडी वळत नाही!

सहलीची पिशवी घरात आपणच भरतो. ती कधी भरायची हेही आपणच ठरवू शकतो. पुरुषांना विचारत बसायची गरज नाही. यंदाच्या चातुर्मासात इतर नियमांबरोबर हाही एक घेऊ या: कार्तिक सरेपर्यंत घाट चढायचा नाही.