संत्र्याला कळतं ते

माणसापेक्षा संत्र्याला प्रवासातलं जास्त कळतं, असं नरखेड तालुक्यात राहून माझं ठाम मत झालं आहे. बहार आंबिया असो की मृग, इथलं संत्रं बागेतून निघतं ते कॅरेटमध्ये, भावंडांच्या मांडीला मांडी लावून. दिल्लीला जायचं असलं तरी ‘मला स्वतंत्र गाडी हवी’ असा हट्ट ते धरत नाही. त्याचा मालक मात्र एक सात-बारा आणायला सात जणांची गाडी काढून तालुक्याला एकटा जातो. मागच्या सीटवर त्याचा दुपट्टा तेवढा ऐसपैस बसलेला असतो.

आमचे शेजारी खर्रा आणायला मोटारसायकल काढतात. टपरी माझ्या पावलांनी दोनशे दहा पावलांवर आहे. मी मोजली आहेत. गाडी फाटकाबाहेर काढायची, वळवायची, टपरीवर लावायची, पुन्हा वळवायची, एवढ्या वेळात मी चालत जाऊन तिथल्या पेपराचं पहिलं पान वाचून परत येतो. हेच गृहस्थ, डॉक्टरांनी ‘चाला’ म्हटल्यापासून, पहाटे गाडीवर बसून मैदानावर जातात, चार चकरा मारतात आणि गाडीवर बसून घरी येतात. मी विचारलं, तर म्हणाले, “पायी गेलो तं थकून नाई का जाईन सर? मंग चालाचं कसं?” यावर उत्तर काय द्यायचं!

मी सायकलवाला. गावातली बहुतेक कामं सायकलवर होतात, पण वाटेत भेटणारा प्रत्येक जण हळहळतो. “काऊन सर, गाडी इकली काय?” एकानं तर मुलीच्या लग्नात फार ओढाताण झाली का, असं जवळ येऊन हळूच विचारलं. सारं दुखणं इथं आहे. २०२१ साली पेट्रोल शंभरीपार गेलं तरी गाड्या काही घरी राहिल्या नाहीत. राहतील कशा? आपण पेट्रोल अंतरासाठी जाळतच नाही, इभ्रतीसाठी जाळतो. आणि इभ्रतीला ॲव्हरेज नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडचा मे महिना या माणसानं पाहिलेला दिसत नाही. पाहिला आहे. भर दुपारी सायकल हाणा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण सकाळी सातला दूध आणताना कुठला वैशाख आडवा येतो? आणि पौषात काय अडचण आहे? तेव्हा थंडी वाजते म्हणे.

अलीकडे आणखी एक शहाणा वर्ग निघाला आहे. तो विजेवरची स्कूटर घेतो आणि आपण पृथ्वीवर उपकार केले अशा चेहऱ्यानं हिंडतो. पेट्रोलपेक्षा ती बरी, यात शंका नाही. पण आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. तुमच्या स्कूटरला धुराडं नाही कारण ते कोराडीला आणि खापरखेड्याला उभं आहे, एवढंच. आणि त्या स्कूटरवरही बसलेला असतो एकटाच!

आता आपला लाल डब्बा घ्या. खडखडतो, उशिरा येतो, खिडकी लावली तर उघडत नाही आणि उघडली तर लागत नाही, सगळं कबूल. डिझेलही लिटरला चारेक किलोमीटर पितो. पण आत चाळीस माणसं बसली की त्याच एका लिटरात चाळीस जण चार-चार किलोमीटर जातात. म्हणजे एकशे साठ झाले. मोटारसायकलवर एकटा माणूस लिटरभरात पन्नास जातो, मोटारीत पंधरा. पण गंमत पुढेच आहे. त्याच एसटीत दहाच माणसं बसली तर हिशेब चाळीसवर येतो आणि मोटारसायकल पुढे निघून जाते. तेव्हा एसटी हिरवी की काळी हे तिच्या इंजिनावर कमी आणि आपल्या बुडावर जास्त अवलंबून आहे. (हा शब्द हिला आवडलेला नाही. पण दुसरा कुठला अवयव तिथं टेकवायचा?)

पैशाचं बोलायचं तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. जोडप्यानं जावं तर दीड तिकिटात काम होतं. आमच्याकडे मात्र बायको अर्ध्या तिकिटात एसटीनं माहेरी जाते आणि नवरा तिला स्टँडवर घ्यायला पंधरा किलोमीटर गाडी दामटत एसटीच्याच मागे जातो.

नागपूरचीही तीच कथा. नरखेड म्हणजे रेल्वेचं जंक्शन. दिल्लीकडून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग आपल्या दारातून जातो, अमरावतीकडे फाटा फुटतो. गाड्यांच्या वेळा नेहमी जुळत नाहीत, हे खरं. पण जुळतात त्या दिवशीही पंच्याऐंशी किलोमीटर मोटार हाकत जायचं म्हणजे जाऊन-येऊन अकरा लिटर पेट्रोल. वजनानं हे जेमतेम आठ किलो, पण जळताना ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि मागे सव्वीस किलो कार्बन डायऑक्साइड सोडून जातं. संत्र्याच्या भरल्या कॅरेटएवढा ऐवज एका माणसानं एका दिवसात हवेत उधळायचा, आणि यंदा बहार का गळला म्हणून बांधावर कपाळाला हात लावून बसायचं!

एवढ्यावर भागलं असतं तर मी लेखणी उचलली नसती. ज्यांना परवडतं ते उतरले की एसटी रिकामी होते. रिकामी झाली की तोटा दिसतो. तोटा दिसला की फेरी कमी होते. मग ज्यांच्याकडे गाडी नाही ते उरतात. खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. पण पास फुकट असून काय करता, गाडीच आली नाही तर? ती सायकलनं किंवा पायी जाईल म्हणता? जाईलही, जवळ असेल तर. नाहीतर बाप म्हणतो, “दहावी झाली ना, पुरे आता.”

मध्यंतरी एका गावची सकाळची फेरी अशीच बंद पडली. ती सुरू करा म्हणून निवेदन द्यायला गावातली पंधरा कर्ती मंडळी आली. मीही अर्ज लिहून द्यायला गेलो होतो. मजकूर कडक झाला, सह्या झाल्या, फोटो निघाला. बाहेर चौदा मोटारसायकली उभ्या होत्या. पंधरावा डबलसीट आला होता. त्या फेरीनं रोज शाळेत जाणारी एकही मुलगी मात्र त्यांच्यात नव्हती. ती कशी येणार? फेरी बंद होती ना.