छिद्रांचा आरसा

दुकानाच्या किंवा घराच्या गच्चीवरील दूरचित्रवाणीची छत्री आपल्याकडे नेहमी दक्षिणेच्या बाजूला वळलेली असते. प्रक्षेपण करणारे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथून येणारी लहर अतिशय क्षीण असते, म्हणून ती वेचून एकत्र करावी लागते. हे काम छत्रीच्या आकाराचे आहे. गणितात या वक्राला अन्वस्त म्हणतात. दुरून समांतर येणाऱ्या लहरी त्यावर आपटून एकाच बिंदूत, म्हणजे नाभीत, मिळतात. विशेष हे की, थाळीच्या कडेवरून आलेली आणि मध्यावरून आलेली लहर सारखेच अंतर कापते. त्यामुळे त्या परस्परांना मारक न ठरता एकमेकींचे बळ वाढवतात. थाळी जितकी मोठी, तितकी ही बेरीज मोठी.

परंतु मोठी थाळी म्हणजे मोठे वजन, वाऱ्याचा मोठा मार आणि मोठा खर्च. हा हिशेब डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे वेगळ्या रीतीने सोडवला. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. मात्र त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक तारेच्या जाळीचा आहे. छिद्र लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असेल, तर लहरीला जाळी आणि अखंड पत्रा यांत फारसा भेद उरत नाही. येथे टिपली जाणारी सर्वांत आखूड लहर सुमारे २१ सेंटीमीटरची, तर जाळीची छिद्रे केवळ १ ते २ सेंटीमीटरची. लहर परतते, वारा मात्र आरपार निघून जातो. साहजिकच सांगाडा हलका झाला आणि खर्चही आटोक्यात राहिला.

यांतील १४ थाळ्या मध्यभागी आणि १६ तीन दिशांच्या भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. सर्वांचे संकेत एकत्र जुळवले की दूरच्या आकाशगंगांमधील हायड्रोजन वायूचा किंवा स्पंदक ताऱ्यांचा सूक्ष्म तपशील हाती येतो.

या दुर्बिणीला खरी भीती गोंगाटाची. ताऱ्यांकडून येणारी लहर इतकी दुबळी असते की जवळचा मोबाइल किंवा विजेच्या तारेवरील ठिणगी तिला सहज बुडवते. थाळी मोठी करता येते, जाळी विणता येते. भोवतालची शांतता मात्र यंत्राला निर्माण करता येत नाही. ती परिसरातील माणसांनीच राखावी लागते.