आउटरनचे अवतार

ह्या वीकांताचा विषय जरा जुना आहे, आधीच सांगून ठेवतो. १९८६ साली सेगा ह्या जपानी कंपनीने 'आउटरन' नावाचा आर्केड गेम बाजारात आणला. म्हणजे माझा जन्म व्हायच्या बऱ्याच आधी. तेव्हापासून तो घरगुती कन्सोल, घरगुती कॉम्प्युटर, हातात धरायची यंत्रं अशा सगळीकडे नेण्याचा उद्योग चालू आहे. गेले काही महिने मी ह्यातले जमतील तेवढे अवतार, बहुतेक एम्युलेटरवर, एकामागून एक खेळून बघतोय. (लग्न अजून झालेलं नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच. :) )

आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय. पोर्ट चांगला की वाईट हे त्यात मूळच्या किती गोष्टी आल्या ह्यावरून ठरत नाही. मूळ गेम कशामुळे 'तो' गेम आहे हे करणाऱ्याला कळलं होतं का, आणि तेवढं वाचवण्यासाठी बाकीचं सोडून द्यायची त्याची तयारी होती का, ह्यावरून ठरतं. आपल्यापैकी जे जुन्या सिस्टिम्स नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायच्या नोकऱ्या करतात, त्यांच्यासाठी तर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण ते नंतर.

"काय हे रिकामटेकडे उद्योग" असं वाटत असेल तर एक आठवण करून देतो. लहानपणी टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्तातल्या व्हिडिओ गेमवर 'रोड फायटर' आणि 'काँट्रा' खेळला असालच. दोन्ही कोनामी कंपनीचे मूळचे आर्केड गेम, एक १९८४ चा, दुसरा १९८७ चा. आपण खेळलो ते त्यांचे निन्टेंडोच्या फॅमिकॉमसाठी केलेले पोर्ट, तेही फॅमिकॉमच्या नकली यंत्रांवर! म्हणजे आपलं अख्खं बालपण पोर्टवर गेलंय. आणि खेळताना "मूळ मशीनवर चित्रं ह्याहून भारी होती" असं एकदा तरी मनात आलं का? नाही ना? बस्स, मुद्दा तिथेच आहे.

तर आउटरन. फेरारी टेस्टारोसासारखी दिसणारी, टप नसलेली लाल गाडी. शेजारी सोनेरी केसांची मैत्रीण. निघायच्या आधी गाडीच्या रेडिओवर तीनपैकी एक गाणं निवडायचं: मॅजिकल साउंड शॉवर, पासिंग ब्रीझ किंवा स्प्लॅश वेव्ह. (संगीतकार हिरोशी कावागुची. ऐकली नसतील तर आजच ऐका.) समुद्रकिनाऱ्यावरून सुरुवात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला फाटा, डावीकडे जा नाहीतर उजवीकडे. असे एकूण १५ टप्पे, पण एका खेपेत त्यातले पाचच दिसणार. शेवटही पाच वेगवेगळे. तुमच्याशी शर्यत लावणारं कोणी नाही, जे काही भांडण आहे ते घड्याळाशी. डिझायनर यु सुझुकी ह्याला रेसिंग गेम म्हणतच नाहीत, ड्रायव्हिंग गेम म्हणतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी थांबत नाही. फाट्यावर तुम्ही वळता आणि वेग तसाच राहून आजूबाजूचा मुलूख बदलतो. 'लेव्हल पूर्ण' अशी पाटी नाही, मध्ये काळा पडदा नाही, गाणंही तुटत नाही. पाच-सहा मिनिटांची सलग सहल. माझ्या मते आउटरन म्हणजे हे. बाकी सगळं सजावट.

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका. आर्केड मशीनच्या आत मोटोरोलाचे दोन ६८००० प्रोसेसर होते. आवाजासाठी वेगळा झेड-८० प्रोसेसर आणि यामाहाची एफएम चिप. पण खरी ताकद होती चित्रं लहान-मोठी करणाऱ्या खास हार्डवेअरची. झाडाचं एकच चित्र साठवायचं आणि ते क्षणोक्षणी हव्या त्या मापाचं करून पडद्यावर टाकायचं. दूरचं झाड ठिपक्यापासून सुरू होऊन मोठं होत होत कानाजवळून सूंऽऽ करून जातं, ते ह्यामुळे. त्या काळात हे कुठल्याच घरगुती यंत्राला जमत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक पोर्ट करणाऱ्यापुढे प्रश्न एकच: काय सोडायचं?

१९८७ मध्ये ह्याची दोन उत्तरं आली आणि दोन्ही यंत्रांत प्रोसेसर एकच, झेड-८०. म्हणजे आर्केडमध्ये ज्याच्याकडे फक्त आवाजाचं काम होतं, त्या बिचाऱ्याच्या गळ्यात अख्खा गेम!

पहिलं उत्तर ब्रिटनमधल्या झेडएक्स स्पेक्ट्रमवरचं, यूएस गोल्ड कंपनीचं. ४८ किलोबाइट मेमरी, गेम कॅसेटवर. १५ टप्पे एवढ्या मेमरीत मावणं शक्यच नाही. मग काय केलं, तर एक टप्पा संपला की टेप चालू करायची आणि पुढचा टप्पा मेमरीत येईपर्यंत वाट बघायची. आर्केडचं संगीत त्या यंत्राच्या पिपाणीला झेपणारं नव्हतं, म्हणून डब्यात मूळ संगीताची वेगळी ऑडिओ कॅसेट दिली. गाडी आहे, मैत्रीण आहे, फाटे आहेत, गाणीसुद्धा आहेत (टेपरेकॉर्डरवर लावा आणि ऐका). यादी केली तर सगळं हजर. फक्त ती सलग सहल तेवढी गेली.

दुसरं उत्तर सेगाच्याच मास्टर सिस्टिम ह्या कन्सोलवरचं. दोन मेगाबिटचं, म्हणजे २५६ किलोबाइटचं कार्ट्रिज. चित्रं लहान-मोठी करायची सोय इथेही नाही, त्यामुळे झाडाची प्रत्येक मापाची वेगळी प्रत साठवावी लागते आणि प्रत्येक प्रत जागा खाते. म्हणून मापं थोडीच. झाड हळूहळू मोठं होत नाही, टुणटुण उड्या मारत जवळ येतं. रस्त्यावर गाड्या कमी, रंग कमी. शेजारी मूळ आर्केडचा फोटो ठेवला तर अगदी गरीब दिसतं. पण फाटा आला, वळलात, की गाडी धावतच राहते. तिन्ही गाणी वाजतात. चिप साधी आहे, पण चाल ओळखू येते आणि पाय ठेका धरतात. दोन मिनिटांत तुम्ही झाडांच्या उड्या विसरता.

आता स्पेक्ट्रमच्या बाजूनेही बोलायला हवं. कार्ट्रिजमधला मजकूर तत्क्षणी मिळतो, टेपवरचा मिळत नाही. मास्टर सिस्टिमला रस्ता आणि गाड्या रंगवायला मदतीला वेगळी चिप आहे, स्पेक्ट्रममध्ये सगळं एकट्या प्रोसेसरच्या डोक्यावर. शिवाय सेगाकडे मूळ गेम घरचाच, तर बाहेरच्यांना त्या काळात बहुतेक वेळा सोर्स कोड मिळायचाच नाही. मशीनवर खेळून, बघून, अंदाजाने लिहायचं. वर ख्रिसमसची डेडलाइन. हे सगळं मान्य. पण टेप थांबवून १५ टप्पे द्यायचे की मावतील तेवढे दोन-तीनच टप्पे न थांबता द्यायचे, ही निवड माणसाची होती, यंत्राची नव्हे. डब्यावर छापायला १५ हा आकडा बरा दिसतो, हे उघड आहे. आणि गेम खपलाही. ब्रिटनच्या गोल्डन जॉयस्टिक पारितोषिकांत आउटरन वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. तेव्हा खपाचा पुरावा कोणी माझ्या तोंडावर फेकला तर फेको. आज ते पोर्ट खेळताना मला दर टप्प्याला थांबावं लागतं ते लागतंच.

"जास्त ताकदीचं यंत्र असतं तर प्रश्नच नव्हता" असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचा पुरावा. अटारी एसटी आणि अमिगा ह्या दोन्ही कॉम्प्युटरांत ६८००० होता, आर्केडचाच भाऊबंद. ह्या दोन्हींवरचे आउटरन १९८८-८९ च्या सुमाराला आले आणि दोन्ही अडखळत चालतात. चित्रं स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी रंगीत आहेत, पण गाडी चालवतोय असं वाटतच नाही, फोटोंचा अल्बम चाळतोय असं वाटतं. ह्याउलट १९९० चा पीसी इंजिनवरचा पोर्ट बघा. त्या कन्सोलचा मुख्य प्रोसेसर आठ बिटांचा, आणि करणारी कंपनी एनईसी अ‍ॅव्हेन्यू, म्हणजे सेगाच्या बाहेरची. तरी गाडी कशी सुळकन पळते! आणि १९९१ चा मेगा ड्राइव्हवरचा पोर्ट तर एक पाऊल पुढे गेला. यामाहाच्याच एफएम चिपमुळे गाणी मुळाच्या जवळ आली आणि वर 'स्टेप ऑन बीट' नावाचं एक नवं कोरं गाणं घातलं. मुळात नसलेलं! पण गेम कशाचा आहे हे कळलं असलं की असं काही घालायची हिंमत होते.

मग १९९६ मध्ये सेगा सॅटर्नवरचा पोर्ट आला आणि प्रश्नच मिटला. दहा वर्षांनी घरातलं यंत्र इतकं दणकट झालं की आउटरन जवळजवळ जसाच्या तसा घरी आला. पुढे क्रिस व्हाइट नावाच्या एका प्रोग्रॅमरने आर्केडचा मशीन कोड उलगडून अख्खा गेम सी प्लस प्लसमध्ये उतरवला. 'कॅननबॉल' नावाचा हा प्रकल्प मुक्त स्रोत आहे आणि आजच्या कुठल्याही लॅपटॉपवर लोण्यासारखा चालतो. एम२ ह्या जपानी कंपनीने २०१४ मध्ये निन्टेंडो थ्रीडीएसवर आणि २०१८ मध्ये स्विचवर आउटरन आणला. थ्रीडीएसवर तर सेकंदाला ६० चित्रं, मूळ आर्केडच्या दुप्पट.

पण ह्या एम२ च्या अवतारांत एक गंमत आहे. १९८६ मध्ये सेगाने फेरारीची परवानगी काढलीच नव्हती. आता तसं चालत नाही, म्हणून ह्या नव्या आवृत्त्यांमध्ये गाडीचं चित्र बदललंय. विचार करा. पडद्याच्या मधोमध, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत जी एकमेव गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर असते तीच बदलली. यादी घेऊन बसलेला माणूस इथे लाल फुली मारेल. आणि खेळणाऱ्याला काही फरक पडतो? मला तर दुसऱ्या फाट्यापर्यंत आठवतही नाही. अमिगावर तीच लाल गाडी होती, आउटरन नव्हता. स्विचवर ती गाडी नाही, आउटरन मात्र पुरेपूर आहे.

आता पोटापाण्याचं. काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या बिलिंग सिस्टिमला वेबवर आणणाऱ्या टीममध्ये होतो. मॅनेजरकडे एक भलीमोठी एक्सेल शीट होती. जुन्या सिस्टिममधलं प्रत्येक बटण, प्रत्येक रिपोर्ट, एकेक ओळ. काम झालं की ओळ हिरवी. शीट पूर्ण हिरवी झाली, ईमेल फिरले, केक कापला. आणि जिथे ती सिस्टिम रोज वापरायची होती तिथल्या, निवृत्तीला आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "सगळं आहे रे बाळा ह्यात. पण आधी माझी बोटं आपोआप चालायची, नजर कागदावरच असायची. आता दर ओळीला मान वर करून थांबावं लागतं." जुनी स्क्रीन पूर्ण कीबोर्डवर चालायची. नवीनवर दर नोंदीनंतर पान परत लोड व्हायचं. 'नजर कागदावरून न हलणे' ही ओळ शीटमध्ये नव्हतीच, कारण ते फीचर म्हणून कोणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी सिस्टिम म्हणजे तेवढंच होतं. स्पेक्ट्रमच्या आउटरनचा विचार करताना मला हमखास त्या बाई आठवतात. दर टप्प्याला टेप.

मराठी माणसाला हे कळायला खरं तर कठीण जाऊ नये. आपल्याकडे भाषांतर आणि रूपांतर असे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यातला फरक आपल्याला नाटकांनी शिकवलाय. पु.लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली तेव्हा लंडनचे उच्चार, लंडनची गल्ली सगळं सोडलं. पकडून ठेवलं ते एवढंच, की माणसाची बोली बदलली की त्याच्याकडे बघणाऱ्यांची नजर बदलते. मास्टर सिस्टिमवाल्यांनी आउटरनचं रूपांतर केलं. अमिगावाल्यांनी भाषांतर केलं, तेही शब्दकोश घेऊन.

म्हणूनच "आता परफेक्ट आवृत्ती मिळते, मग ते जुने भंगार पोर्ट कशाला बघायचे?" ह्या प्रश्नाला माझं उत्तर असं की प्रोग्रॅमर असाल तर तेच आधी बघा. भरपूर मेमरी आणि वेगवान प्रोसेसर हाताशी असताना काय महत्त्वाचं हे ठरवावंच लागत नाही, सगळंच उचलून नेता येतं. २५६ किलोबाइटमध्ये मात्र ठरवावं लागतं. आणि आपल्या रोजच्या कामात मेमरी भरपूर असली तरी वेळ, माणसं आणि क्लायंटचा धीर हे कायम २५६ किलोबाइटच असतात.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'फीचर पॅरिटी'ची शीट उघडली की पहिली ओळ भरायच्या आधी, ती सिस्टिम रोज वापरणाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास खुर्ची टाकून बसा. तो कुठे थांबत नाही, ते बघा. ती शीटची पहिली ओळ.

असो. फारच उपदेश झाला. मी चाललो मास्टर सिस्टिम लावायला. आज पासिंग ब्रीझ, आणि सगळे फाटे डावीकडे.